एका हंगामाचा जमाखर्च

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी कल्याणचे एक जुने परिचित कापड व्यापारी डोंबिवलीला माझ्या घरी आले. सोबत एकोणीस वर्षांचा नातू होता. शाखेत असताना त्यांच्या पेढीच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण मी अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून विषय किती गंभीर आहे ते ओळखता येते. चहा होताच ते म्हणाले, "साहेब, दुकानाचे ताळेबंद तुम्ही पुष्कळ पाहिलेत. आता या मुलाचाही एक पाहा. याला दुकानात बसायचे नाही. गोल्फ खेळायचे म्हणतो, आणि तेही पोट भरण्यासाठी."

मुलगा आठवड्यातून चार दिवस पहाटे शीळफाट्यावरून खारघरला, सिडकोच्या मैदानावर सरावाला जातो. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. जपानमधील पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या एका हंगामाची मिळकतीची यादी होती. ती पाहून माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी जागा झाला, कारण त्या यादीत क्रम गुणांचा नव्हता, रुपया-आण्यांचा, म्हणजे येनचा होता. ज्याने वर्षभरात बक्षिसांतून सर्वाधिक रक्कम मिळवली तो पहिला. इतकी स्वच्छ खतावणी मी क्वचितच पाहिली आहे.

मुलगा वरची दहा नावे दाखवत होता. मी त्याला म्हटले, "खाली जा. पासष्टाव्या नावापर्यंत जा."

वाचकांना हा खेळ अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगतो. जपानी स्पर्धामालिका १९७३ साली सुरू झाली आणि १९९९ पासून तिचा कारभार स्वतंत्र संघटना पाहते. तेथील स्पर्धा आपल्या आर्थिक वर्षाप्रमाणे मुख्यतः एप्रिलमध्ये सुरू होतात आणि डिसेंबरच्या आरंभी संपतात. बहुतेक स्पर्धा गुरुवार ते रविवार, चार दिवसांच्या. दोन दिवस झाले की साधारण साठ खेळाडू ठेवून बाकीच्यांना निरोप दिला जातो. यालाच कट म्हणतात. कटमध्ये गळालेल्याला त्या आठवड्यात एक येनही मिळत नाही. विमान, हॉटेल, जेवण, कॅडीची मजुरी मात्र त्याच्याच खिशातून. पगार नाही, भत्ता नाही.

उरलेल्यांतही वाटप समान नसते. जपानमध्ये विजेत्याला एकूण रकमेच्या वीस टक्के आणि दुसऱ्याला दहा टक्के देण्याची पद्धत रूढ आहे. नोव्हेंबरात मियाझाकीला होणाऱ्या डनलॉप फिनिक्स स्पर्धेचे एकूण बक्षीस अनेक वर्षे २० कोटी येन राहिले आहे. म्हणजे विजेत्याला ४ कोटी येन. येनचा भाव अलीकडे पंचावन्न ते साठ पैसे धरला तर सव्वादोन कोटी रुपयांच्या घरात. साठाव्या क्रमांकावरच्या माणसाला मात्र विजेत्याच्या रकमेचा शंभरावा भाग, फार तर त्याहून किंचित अधिक. परदेशी खेळाडूच्या रकमेतून सुमारे वीस टक्के कर जागच्या जागी कापला जातो, तो वेगळा.

वर्षअखेरीस यादीत पहिल्या ६५च्या आसपास नाव असेल तर पुढच्या हंगामाचा परवाना कायम. नसेल तर पुन्हा पात्रता स्पर्धा, पुन्हा पहिली पायरी. एखादी स्पर्धा जिंकली तर दोन वर्षांची निश्चिंती मिळते, काही मोठ्या स्पर्धांना पाच वर्षांची. शेठजींना मी त्यांच्याच भाषेत सांगितले की यांची मर्यादा दरवर्षी मार्चअखेरीऐवजी डिसेंबरात नूतनीकरणाला येते, आणि तारण म्हणून फक्त त्या वर्षाची विक्री चालते. ते पहिल्यांदा हसले.

मुलाने जपानच का निवडला? त्याचे उत्तर तयार होते. तेथे तीन भारतीय जिंकले आहेत. ज्योती रंधावा यांनी २००३ मध्ये सनटोरी ओपन जिंकली. जीव मिल्खा सिंग चार वेळा जिंकले: २००६ मध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत कॅसिओ वर्ल्ड ओपन आणि हंगामाची अखेरची जेटी कप, पुन्हा २००८ मध्ये दोन. जेटी कपला त्या वर्षीचे विजेते आणि मिळकतीच्या यादीतील अग्रणी असे तिशीच्या आसपास खेळाडूच बोलावले जातात, त्यामुळे तिचा मान निराळा. तिसरे राहिल गांगजी, कोलकात्याचे, २०१८ मध्ये ओसाकाजवळ पॅनासॉनिक ओपनचे विजेते.

येथे मी मुलाला थांबवले. जीव यांच्या २००६ च्या यशाआधी सात वर्षे विजय नव्हता. जागतिक क्रमवारीत ते साडेतीनशेच्या पलीकडे घसरले होते, आणि त्या एका वर्षात पहिल्या पन्नासांत आले. गांगजींचा याआधीचा मोठा विजय २००४ मधला, चीनमधला. मध्ये चौदा वर्षे. चौदा वर्षांत मुलाची शाळा सुरू होऊन संपते. या काळात खर्च थांबत नाही, दर आठवड्याला खेळायला जावेच लागते, आणि आपण बाद झालो की तात्पुरते मागे आहोत हे सांगणारा कोणी नसतो. हा आकडा यादीत कुठेच छापलेला नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. पुण्याचे उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला खेळले. त्यांना जागा मिळाली ती अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यावर, अगदी शेवटच्या दिवसांत. साठ खेळाडूंत पहिल्या पन्नासांतही त्यांना येता आले नाही. पण स्पर्धा झाली ती कासुमिगासेकीच्या मैदानावर. याच मैदानावर १९५७ मध्ये जपानच्या तोराकिची नाकामुरा यांनी कॅनडा कप जिंकला आणि त्या देशात गोल्फचे वेड पसरले. तेथे खेळण्याचा मान पुण्याच्या खेळाडूला मिळाला, ही गोष्ट मला क्रमांकापेक्षा मोठी वाटते. शेठजींना वाटली नाही. "पैसे किती मिळाले?" त्यांनी विचारले. ऑलिंपिकमध्ये बक्षिसाची रक्कम नसते हे ऐकून ते गप्प झाले.

ते वेड पुढे कुठवर गेले हे व्यापारी वाचकांनी जाणून घ्यावे, कारण माझ्या दृष्टीने हा सर्वांत बोधक भाग आहे. १९८० च्या दशकात जपानमध्ये गोल्फ क्लबचे सदस्यत्व शेअरसारखे विकले जाई. दलाल होते, रोजचे भाव होते, बँका त्यावर कर्ज देत. नवे क्लब सदस्यांकडून मोठी ठेव घेत, दहा-पंधरा वर्षांनी परत देण्याच्या बोलीवर, आणि त्याच पैशातून मैदान बांधत. अल्प मुदतीचा नसला तरी परत करायचा पैसा जमिनीत गाडला होता. १९९० नंतर भाव कोसळले, मुदत भरताच सदस्य ठेव मागू लागले, आणि शेकडो क्लब दिवाळखोरीत गेले. पुष्कळशी मैदाने अमेरिकन गुंतवणूक संस्थांनी स्वस्तात घेतली. एकेकाळी वर्षाला चाळिसांहून अधिक असलेल्या पुरुषांच्या स्पर्धा आता पंचवीसच्या आसपास उरल्या आहेत. महिलांच्या त्याहून अधिक भरतात. खुद्द मासाशी 'जम्बो' ओझाकी, जपानी मालिकेत ९४ विजय आणि बारा वेळा मिळकतीच्या यादीत पहिले, त्यांना २००५ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेसाठी न्यायालयात जावे लागले. जमेच्या बाजूला देशात पहिला असलेला माणूस. नावेच्या बाजूची यादी कोणी छापत नाही.

हे ऐकून मुलगा खट्टू झाला असावा. पण तो म्हणाला, "काका, ओझाकी खेळून बुडाले नाहीत ना?" प्रश्न बिनतोड होता. मी तसे कबूल केले.

मग आम्ही तिघांनी कागद घेतला. प्रशिक्षण, मैदानाचे शुल्क, साहित्य, प्रवास. आधी दोन-तीन वर्षे भारतातील व्यावसायिक मालिका, तिच्या पात्रता स्पर्धा, नंतर जमले तर जपानची परीक्षा. जमेच्या बाजूला मी पहिली तीन वर्षे शून्य लिहिले. मुलाने हरकत घेतली नाही, याचे मला बरे वाटले. शेठजी बराच वेळ त्या शून्यांकडे पाहत होते. मग नातवाला विचारले, "किती वर्षे मागतोस?"

"पाच."

"बी.कॉम. पूर्ण करशील?"

"करीन."

"आणि खर्चाची वही दर महिन्याला साहेबांना दाखवशील?"

माझी संमती कोणी विचारली नाही. गेल्या रविवारी पहिली वही आली. मैदानाचे शुल्क, चेंडू, हातमोजा, पेट्रोल, शीळफाट्यावरचा चहा, सगळे तारीखवार. बेरजेत चाळीस रुपयांची चूक होती. मी लाल शाईने खूण करून वही परत पाठवली.