'घरीच असायची' असं म्हणू नका!

ज्यांच्या घरची बाई रस्त्यावर गेली, त्यांनी तडजोडीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी हे पत्रक वाचावं. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्यावं.

माझी वहिनी डेअरीवरून परत येताना ट्रकखाली गेली. वय 34. मागे भाऊ, दोन पोरं आणि आमची आई. दावा दाखल झाला, भाऊ साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत अगदी मऊ आवाजात विचारलं, "मयत काही कमवत होती का हो?"

भाऊ म्हणाला, "नाही साहेब, घरीच असायची."

घरीच असणारी ती बाई पहाटे पाचला उठून दोन म्हशींच्या धारा काढायची. डेअरीला दूध तीच घालायची, पण डेअरीचं पुस्तक भावाच्या नावावर. भुईमुगाच्या खुरपणीला तीच वाकायची, पण सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं. आईला इन्शुलिन टोचायचं तेही तिनेच. ती गेली आणि दोन महिन्यांत दोन्ही म्हशी विकल्या. खुरपणीला रोजाने बाया आल्या, पोरांना डबा लावला, सुई टोचायला कंपाउंडर येऊ लागला. जित्यापणी तिच्या कामाची पावती कुणी फाडली नाही. आता महिन्याच्या महिन्याला फाटते.

आता कोर्टातला हिशेब बघा. तो अवघड नाही, म्हणूनच तो तुम्हाला कुणी समजावून सांगत नाही. सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सरला वर्मा प्रकरणात तो घालून दिला आणि 2017 मध्ये प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पक्का केला. मयताचं वर्षाचं उत्पन्न धरायचं. वय चाळिशीच्या आत असेल आणि पक्की नोकरी नसेल, तर पुढच्या वाढीपोटी त्यात 40 टक्के घालायचे. मागे चार ते सहा माणसं अवलंबून असतील, तर मयताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. (वहिनी स्वतःवर चौथा हिस्सा खर्च करायची, हे ऐकून आई त्या दुःखातही हसली.) उरलेल्या रकमेला वयाप्रमाणे गुणक लावायचा. 31 ते 35 वयाला तो 16 आहे.

दरमहा 3,000 रुपये धरले तर येतात 6,04,800. दरमहा 12,000 धरले तर 24,19,200. ट्रक तोच, बाई तीच, गुणक तोच. सहवास गमावल्याचे आणि अंत्यविधीचे पैसे वरून मिळतात, पण ते ठरलेले आणि थोडे. सगळा खेळ पहिल्या आकड्याचा. आमच्या दाव्यात त्या आकड्यात एक हजार कमी लिहिला, की भरपाईतून 2,01,600 रुपये गेले.

कंपनीने आमच्यापुढे 3,000 चाच आकडा ठेवला. तो आला कुठून? 3 मार्च 1989 ला जमशेदपूरला टिस्कोच्या समारंभात आग लागून माणसं होरपळून मेली. त्या प्रकरणात 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाचे महिन्याला 3,000 रुपये धरले. तेव्हा ते मोठं पाऊल होतं, कारण 1994 पासून मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात कमाई नसलेल्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं लिहिलेलं होतं. म्हणजे नवरा रिकामटेकडा, तर बाई फुकट! पण तेव्हाचा आकडा आज आमच्या तोंडावर फेकायचा, याला काय म्हणावं? तेव्हाच्या भावाने आज कुणी खुरपायला येईल का?

कोर्ट स्वतः तिथे थांबलेलं नाही. 2001 च्या जनगणनेने घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत बसवलं होतं. 2010 मध्ये न्या. गांगुली यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. 2021 मध्ये न्या. रमणा यांनी सरकारच्याच पाहणीतला आकडा निकालात घेतला: घरकामाला बाई रोज सरासरी 299 मिनिटं देते, पुरुष 97. पुढच्या वाढीचे टक्के गृहिणीलाही लागू, असं तोच निकाल सांगतो. आणि गृहिणीचं उत्पन्न रोजंदारी मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही, हे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं. मग आमची मागणी एवढीच: राज्याच्या किमान वेतनाखालचा एकही आकडा न्यायाधिकरणाने ऐकूनच घेऊ नये. थर्ड पार्टीचा हप्ता घेताना ट्रकखाली बाई सापडेल की कलेक्टर, असा फरक कंपनी करत नाही. देताना बरी आठवण होते!

पण कंपनीला शिव्या देऊन भागणार नाही, कारण ते वाक्य माझ्या भावाच्या तोंडून निघालं. पोलिसांच्या कागदावर 'धंदा: घरकाम' असं लिहिलं जात होतं तेव्हा शेजारी मीच उभा होतो. मान हलवली. तिथेच 'शेती, दुग्धव्यवसाय व घरकाम' असं लिहून घ्या. बचत गटाचं पासबुक शोधा. ती गेल्यावर कुणाला किती रोज दिला, ते तारखेनिशी वहीत मांडा आणि ती वही वकिलाच्या हाती द्या. 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात लिहिलेली आहे. तिच्यावर वकील काय वाद घालायचा तो घालतील, तुम्ही तेराव्यानंतर कागद गोळा करायला लागा. दवाखान्याच्या दारातच वकीलपत्र पुढे करणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

लोकअदालतीत आम्हाला साडेपाच लाखांना मिटवा म्हणाले. भाऊ तयार झाला होता, आईने हात धरून बाहेर आणला. दावा चालू आहे. पुढच्या तारखेला डेअरीचा सचिव साक्षीला येतोय. रोज पहाटे किटली घेऊन रांगेत कोण उभं असायचं, एवढंच त्याला विचारायचं आहे.