पीक बदला म्हणता, सातबारा कोण बदलणार?

दोस्तांनो, पगाराची स्लिप काढा. पिंपरी, भोसरी, चाकण, कारखाना कुठलाही असो. त्यात 'व्यवसाय कर' म्हणून कपात दिसेल. बहुतेक पुरुष कामगारांचे महिन्याला २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली लागला तो रोजगार हमीसाठी. ७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्याच आयाबापांसारख्यांना काम मिळावं म्हणून.

१९९० साली सरकारनं त्याच रोजगार हमीतून फळबाग योजना काढली. नुसत्या ज्वारी-बाजरीवर राहू नका, आंबा, डाळिंब, बोर लावा. धोरण वाईट नव्हतं. एकाच पिकावर जगणारा शेतकरी कसा मरतो, हे चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव पडताना बघणाऱ्याला सांगायला नको. राज्यात लाखो हेक्टरांवर बागा उभ्या राहिल्या. पण कुणाच्या? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या. आमच्या माणसानं खड्डे खोदले, हजेरी घेतली अन् घरी आला. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला अनुदान शंभर टक्के होतं म्हणे. ज्याला गुंठाभर रान नाही, त्यानं हे शंभर टक्के कुठं पेरायचे?

२०१८ च्या फुंडकर फळबाग योजनेतही तेच. कोकण सोडून किमान २० गुंठे स्वतःच्या नावावर पाहिजेत. खर्च आधी खिशातून करा. अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं येणार. तेही दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगली तर! विहीर बागाईतदाराची, अट मात्र सगळ्यांना सारखी.

जमीनच नाही, असं सरकारनं सांगू नये. इथं तळेगावला एमआयडीसीनं फुलांच्या शेतीसाठी पार्क काढलं. गुलाबाला जागा मिळते. गायरान कसणाऱ्याला मिळत नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर लाखो माणसं जेलात गेली ती जमिनीसाठीच. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलितांच्या नावावर ते करावं, असा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरी कितीतरी कुटुंबं कागदावर अजून 'अतिक्रमणधारक'च आहेत. २०२२ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर त्यांना नोटिसा आल्या. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, अनुदान नाही. आणि उद्या उठवतील या भीतीत, चार-पाच वर्षांनी फळ देणारं झाड कोण लावील?

काहीजण म्हणतील, आपण शहरात आलो, गाव सुटलं, आता काय त्याचं? मग स्लिपवरची कपात कशाची? आणि ठेकेदारानं गेटवरून हाकललं की कुठं जाणार?

तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी जाल तर जत्रेपुरते जाऊ नका. तलाठ्याकडं अतिक्रमणाचं १-ई रजिस्टर मागा. १९९० पूर्वीच्या दंडाच्या पावत्या म्हाताऱ्यांच्या पेटीतून शोधून काढा. कोण किती वर्षं कसतंय ते लिहून आणा. एकेकट्याचा अर्ज कचेरीत कुजतो. गावागावांचे अर्ज एकत्र घेऊन आपण कलेक्टरच्या दारात जाऊ. नाव आधी लागू दे. मग आंबा लावायचा की डाळिंब, ते आमचं आम्ही ठरवू.