चार्जरचे वेगळे पडतील
नोव्हेंबर २०२४मध्ये महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ई आली ती १८.९० लाखांचा आकडा मिरवत. चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च त्यात नव्हता. पुढे कळलं, ७.२ किलोवॉटच्या चार्जरला ५० हजार, ११.२ला ७५ हजार. टेस्लाने तर २०२२मध्ये अमेरिकेत गाडीसोबतची केबलच काढून घेतली, ४०० डॉलर लावले आणि ओरड होताच २००वर आली. घरी चार्जर असलेल्याच्या गळ्यात दुसरा कशाला मारायचा, हे मान्य. पण पहिलीच गाडी घेणाऱ्याला घोडा विकून लगामाचे पैसे मागाहून सांगणं मला पटत नाही. शिवाय पार्किंगपर्यंतची वायरिंग, वाढीव वीजभार, सोसायटीची ना-हरकत (ती मिळेपर्यंत गाडी जुनी व्हायची!) हे कोटेशनच्या कुठल्या ओळीत आहे, ते बुकिंगआधीच विचारा.