बुबुळाची जखम आणि दुकानातील थेंब

भाताची मळणी आणि उसाची तोडणी सुरू झाली की गावोगाव डोळा दुखावलेली माणसे दिसू लागतात. तूस उडते, पाचटाचे टोक लागते आणि बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. डोळा खुपतो, पाणी गळते. ऐन सुगीत काम टाकून जाणे जिवावर येते; म्हणून डोळे आले असे समजून दुकानातून थेंबांची बाटली आणली जाते, किंवा शेजाऱ्याकडील उरलेली घातली जाते. नुकसानीस येथूनच प्रारंभ होतो.

औषध मुळात वाईट आहे असे नव्हे. नेपाळातील भक्तपूर येथे गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी असे ओरखडे हुडकून क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम दिवसातून ३ वेळा, ३ दिवस घातले. या कार्याचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला. ४४२ रुग्णांपैकी ४२४ जणांचे डोळे संसर्गावाचून बरे झाले. जखमेनंतर १८ तासांच्या आत उपचार मिळालेल्यांपैकी एकासही व्रण झाला नाही. म्हणून ताजा ओरखडा त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखविणे इष्ट होय.

परंतु बुबुळावर पांढरा ठिपका उमटला की तो व्रण समजावा. मग तेच मलम पुरेल असे नाही. स्यूडोमोनास जंतूवर क्लोरॅम्फेनिकॉल सहसा चालत नाही, आणि हा जंतू दोन-तीन दिवसांत बुबुळाची नासाडी करू शकतो. न्यूमोकॉकसपुढे जेंटामायसिन दुबळे पडते. तुसाबरोबर कित्येकदा फ्युजेरियम बुरशी आत शिरते; हरभऱ्याचा मर रोग याच कुळातील बुरशीने होतो. तिच्यावर जंतुनाशक थेंब घालणे म्हणजे भाताच्या करप्यावर कीटकनाशक फवारणे होय. स्टेरॉइडमिश्रित थेंबांनी तर लाली उतरते, बरे वाटते, आणि आत बुरशी फोफावते. असे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकले जाणे हा गावचा मोठा अपाय आहे.

नेत्र रुग्णालयात व्रणाची खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंतू की बुरशी हे बहुधा त्याच दिवशी कळते. पुढे जंतू वाढवून त्यावर कोणते औषध चालते ते तपासतात, त्यास काही दिवस लागतात. आधीच नाना थेंब घातलेल्या डोळ्यातील जंतू पुष्कळदा प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. अर्थात ही परीक्षा म्हणजे सर्वस्व नव्हे. तिची मापे रक्तातील औषधाच्या प्रमाणावरून बांधलेली आहेत. थेंबांनी बुबुळात औषध त्याहून पुष्कळ अधिक पोचते, म्हणून अहवालात निरुपयोगी ठरलेले औषधही कधी गुण देते. उलट, औषध अचूक मिळूनही व्रण मोठा व खोल असेल तर डोळ्यात फूल राहते.

मजुरी बुडते, तालुक्याचे गाव दूर असते, या अडचणी खऱ्या आहेत. तरीही ठिपका दिसलेला रुग्ण त्याच दिवशी नेत्र रुग्णालयात रवाना करणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे. डोळा झाकून घट्ट पट्टी बांधू नये. घरी घातलेली बाटली मात्र सोबत द्यावी, म्हणजे आधी कोणते औषध झाले ते डॉक्टरांस कळेल.