गवताचे नाव आणि शरीराची ओळख

भाद्रपद सरत आला की सह्याद्रीच्या माथ्यावरील गवताला तुरे येऊ लागतात. शिवनेरीचे उतार, नाणेघाटाचे पठार आणि भीमाशंकरच्या वाटेवरील माळ यांचा रंग हळूहळू पालटतो. याच सुमारास जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील काही घरांत सकाळच्या शिंका सुरू होतात. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, टाळू खाजते. ‘हवा बदलली, सर्दी झाली’ असे म्हणून गोळ्या आणल्या जातात. परंतु ताप नाही आणि त्रास मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो, तोही दरवर्षी त्याच दिवसांत, असे असेल तर ती बहुधा सर्दी नव्हे. परागकणांची अ‍ॅलर्जी असावी.

मग दोष दिला जातो तो गाजरगवताला. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये पुण्यातून या वनस्पतीची नोंद प्रसिद्ध केली. नावात गवत असले तरी ती सूर्यफुलाच्या कुळातील आहे. तिच्या स्पर्शाने होणारा त्वचाविकार रक्तातील पांढऱ्या पेशींमार्फत उद्भवतो. तिच्या परागांनी काहींना शिंकाही येतात; परंतु शिंकणाऱ्या प्रत्येकाची अपराधी तीच असते असे नाही. खऱ्या गवतांत हरळी, मारवेल, कुसळी येतात. इतकेच नव्हे, तर बाजरी, ज्वारी, मका आणि ऊस हीदेखील त्याच कुळातील पिके आहेत.

शरीर नावावर जात नाही. बँकेत जशी नमुना सही ताडून पाहतात, तशी ते परागातील प्रथिनाची ठेवण ताडते. काही व्यक्तींचे शरीर निरुपद्रवी परागाला शत्रू समजून ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड नाकाच्या आणि डोळ्यांच्या अस्तरातील मास्ट पेशींना चिकटून बसते. पुढच्या वेळी तोच पराग आला की या पेशी काही मिनिटांत हिस्टामाइन सोडतात आणि शिंकांची माळ लागते. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे हे प्रतिपिंड शोधले. १९६८ मध्ये त्याचे नाव निश्चित झाले.

त्वचेवर किंवा रक्तात याची तपासणी करता येते. मात्र अहवालात प्रतिपिंड आढळले म्हणजे रोग ठरला, असे नाही. प्रतिपिंड असूनही कित्येकांना काहीच त्रास होत नाही. शिवाय थंड देशांतील टिमोथी गवत आणि आपली हरळी यांची प्रथिने पूर्णपणे जुळत नाहीत. त्यामुळे तपासणी कोणत्या परागाची झाली, हे विचारणे अगत्याचे ठरते.

उपचारातही हाच विवेक हवा. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागाचा अर्क अल्प मात्रेत टोचून, ती मात्रा क्रमाने वाढवण्याची पद्धत मांडली. त्या मार्गाने शरीरात ‘आयजीजी-४’ हे दुसरे प्रतिपिंड वाढते आणि पराग ‘आयजीई’पर्यंत पोहोचण्याआधीच त्याला अडवते. हा उपचार साधारणपणे तीन वर्षे चालतो आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो. अपराधी चुकीचा ठरला, तर वर्षे आणि पैसा दोन्ही व्यर्थ जातात. दुखणे अंगावर काढले, तर काहींना पुढे दम्याचा विकार जडू शकतो.

म्हणून ज्या घरात असा त्रास आहे, तेथे एक साधी वही असावी. शिंका कोणत्या तारखेला सुरू झाल्या, त्या वेळी माणूस बाजरीच्या शेतात होता की माळावर, कोणत्या गवताला तुरा होता, घरात राहिल्यावर आराम पडला का, एवढेच त्यात लिहावे. वैद्यकीय अहवाल आणि ही वही शेजारी ठेवून पाहिली, तर डॉक्टरांना निदानाची वाट सापडते. नुसत्या अहवालाने मात्र ती सापडेलच असे नाही.