पांढऱ्या खुंटांपलीकडची जबाबदारी

गोल्फच्या गुणपत्रिकेच्या पाठपानावर बारीक टाइपात काही ओळी छापलेल्या असतात. 'स्थानिक नियम' असा त्यांचा मथळा असतो, आणि बहुतेक खेळाडू त्या वाचत नाहीत. पांढऱ्या खुंटांपलीकडे हद्द संपली, अमुक रस्त्यावर गेलेला चेंडू उचलू नये, तमुक खड्डा दुरुस्तीखाली समजावा, अशा स्वरूपाचा हा मजकूर असतो. ज्या क्लबापाशी भरपूर जमीन आणि भरपूर पैसा आहे, तेथे तो न वाचताही निभून जाते. कारण तेथे जमीनच नियमांच्या बेताने घडविलेली असते. नऊ होलांच्या लहानशा मैदानावर नेमके उलटे घडते. तेथे जमीन आहे तशी पत्करावी लागते आणि नियम तिच्या बेताने घडवावे लागतात. मधून पायवाट गेलेली असते, दोन होल एकमेकांना ओलांडतात, कडेला वस्ती किंवा वाहता रस्ता असतो, आणि पावसाळ्यात निम्मे मैदान चिखलात रुतते. अशा मैदानाच्या समितीने पाठपानावर काय लिहिले आणि काय लिहिले नाही, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका क्षुल्लक नाही.

या खेळाचा पहिला लेखी कायदा स्कॉटलंडमध्ये एडिंबरोनजीकच्या लीथ येथे १७४४ साली झाला. मैदान अवघ्या पाच होलांचे होते आणि कलमे तेरा. त्यांतील तेरावे कलम आजच्या अर्थाने निखळ स्थानिक नियम आहे. मैदानाच्या रक्षणासाठी खणलेले चर आणि बांध, तसेच 'शाळकऱ्यांचे खळगे' व 'सैनिकांच्या ओळी' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तेथील जागा अडथळा धरल्या जाऊ नयेत, चेंडू त्यांतून बाहेर काढून लोखंडी काठीने खेळावा, असे ते सांगते. लीथच्या बाहेर या कलमाला काडीचा अर्थ नव्हता. तरीही ते मूळ संहितेतच बसले, कारण संहिता करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे 'गोल्फ' ही अमूर्त कल्पना नव्हती, एक विशिष्ट गायरान होते.

दहावे कलम त्याहूनही बोलके आहे. एखाद्या माणसाने, घोड्याने, कुत्र्याने किंवा अन्य कशानेही चेंडू अडविला गेला, तर तो जेथे थांबला तेथूनच खेळावा, असे त्यात म्हटले आहे. मैदानावर खेळाडूंखेरीज इतर माणसे आणि जनावरे असणारच, हे त्या गृहस्थांनी बिनतक्रार मान्य केले होते. मात्र चेंडू कोठून खेळावा हे सांगणारे कलम, तो ज्याला लागला त्याचे पुढे काय, याविषयी एक अक्षर काढीत नाही. हे मौन पुढे दीर्घकाळ टिकले.

लहान मैदानाकडे दयाबुद्धीने पाहण्याची सवय अलीकडे जडली आहे. तिला इतिहासात आधार नाही. लीथवरील हा क्लब १८३६ साली मसेलबरो येथे गेला. तेथील मैदानावर मुळात सातच होल होते. आठवा नंतर आणि नववा १८७० साली झाला, असे साधारण मानले जाते. लीथच्या घोड्यांच्या शर्यती तर त्याआधीच, १८१६ पासून, याच जमिनीवर भरू लागल्या होत्या. म्हणजे गोल्फ आणि घोडे ही दोन्ही बिऱ्हाडे लीथहून उठून एकाच अंगणात येऊन राहिली. या नऊ होलांच्या मैदानावर १८७४ ते १८८९ या काळात ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा झाली. आज जगभर प्रत्येक होलाचा व्यास सव्वाचार इंच असतो, ते मापही मसेलबरोच्या होल कापण्याच्या हत्याराचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते सर्वांवर बंधनकारक झाले. ते मैदान आजही शर्यतीच्या वर्तुळाच्या आत आहे, आणि शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद ठेवावा लागतो. भर मैदानातून शर्यतीचा मार्ग जातो याची लाज तेथे कोणी बाळगीत नाही.

कर्मठ मंडळींचा आक्षेप असा की, स्थानिक नियम हा खेळ सौम्य करण्याचा चोरदरवाजा आहे. चेंडू जसा पडला तसा खेळावा, मैदान जसे मिळाले तसे खेळावे, हा गोल्फचा प्राण. त्यात सवलती घुसविल्या की उरतो तो निव्वळ फेरफटका. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. ओल्या हवामानात चेंडू उचलून, पुसून, हातभर अंतरात पुन्हा ठेवण्याची मुभा तात्पुरत्या परिस्थितीसाठी आहे. कित्येक ठिकाणी ती पावसाबरोबर येते आणि पाऊस गेल्यावरही जात नाही. कागद नोटिसफलकावर पिवळा पडतो, आणि दोन वर्षांत खेळाडूंना उघड्या जमिनीवरून फटका मारणे म्हणजे अन्याय वाटू लागतो. समितीला एखादा नियम आवडत नाही एवढ्याच कारणाने तो स्थानिक नियमाद्वारे रद्द करता येत नाही, असे मुख्य संहिता स्पष्ट बजावते. सभासदांच्या मर्जीखातर सवलत देणारी समिती नियम करीत नसते, निवडणुकीची तयारी करीत असते.

परंतु या आक्षेपाची दुसरी बाजू २०१९ च्या नियमबदलाने उघड केली. चिखलात रुतलेला चेंडू दाट गवतातही विनादंड काढता यावा, ही सवलत पूर्वी स्थानिक नियमाने द्यावी लागे. २०१९ पासून ती सर्वसाधारण नियमात आली. वाळूच्या खड्ड्यातील दगड उचलण्याची परवानगीही आधी स्थानिक होती. अंतर मोजण्याच्या यंत्राचेही तसेच. म्हणजे चिखलाच्या, दगडांच्या, अडचणीच्या मैदानांनी आपल्या गरजेपोटी जे लिहिले, ते अखेर सर्वांचे झाले. कायदेशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. रूढीचा कायदा होतो तो असाच.

आपल्याकडे हा खेळ इंग्रज आले तसा आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. पुढे छावण्यांच्या गावांतून आणि रेल्वेच्या वसाहतींतून लहान मैदाने झाली. पाण्याअभावी तेथे होलाभोवती हिरवळ राखणे शक्य नसे. तेल मिसळलेली वाळू दाबून 'ब्राऊन' करीत. पायांच्या ठशांनी त्या वाळूचा पृष्ठभाग मोडे आणि चेंडू ढकलण्यापूर्वी तो सारखा करावा लागे. स्कॉटलंडमधील नियमकर्त्यांनी या वाळूचा विचार केलेला असणे शक्यच नव्हते. महाराष्ट्रातील मैदानावर तर वर्षाकाठी दोन निरनिराळे खेळ चालतात असे म्हटले तरी चालेल. जून ते सप्टेंबर चेंडू पडतो तेथेच रुततो. एप्रिल-मेमध्ये तोच चेंडू काळ्या जमिनीच्या भेगेत नाहीसा होतो किंवा उघड्या पडलेल्या मुळाशी अडकतो. मुळावर काठी आपटून मनगट दुखावण्यापेक्षा चेंडू बाजूला घेऊ द्यावा, यासाठी नमुना नियम आता उपलब्ध आहे. भेगांचा पट्टा दुरुस्तीखालचा म्हणून जाहीर करता येतो. अशा मैदानाने बारमाही एकच पत्रक ठेवावे हा आळस आहे. पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याचे पत्रक वेगळे असावे आणि प्रत्येकावर ते कोणत्या तारखेस संपते हे छापलेले असावे.

तथापि हा सारा विचार खेळाडूच्या गुणसंख्येचा झाला. लीथच्या दहाव्या कलमातील मौनाकडे वळले की प्रश्न अधिक गंभीर होतो.

पांढऱ्या खुंटांपलीकडे चेंडू गेला की खेळाडूला एका फटक्याचा दंड बसतो आणि पूर्वीच्या जागेवरून पुन्हा खेळावे लागते. क्लबच्या हिशेबी प्रकरण तेथे मिटले. चेंडू मात्र खुंटापाशी थांबत नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात एका मैदानाच्या तेराव्या होलावरून मारलेला चेंडू लगतच्या रस्त्यावरील टॅक्सीवर आदळला आणि चालकाचा डोळा गेला. १९२२ साली न्यायालयाने मैदान चालविणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरले. त्या होलावरून चेंडू रस्त्यावर वारंवार जात असत, तेव्हा होलाची ती जागाच सार्वजनिक उपद्रव ठरते, असा निर्णयाचा आशय होता. याउलट १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने क्रिकेटच्या षटकाराने जखमी झालेल्या एका महिलेचा दावा अमान्य केला, कारण तीस वर्षांत चेंडू अगदी मोजक्या वेळा मैदानाबाहेर गेला होता. दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे मुद्दा लक्षात येतो. अपघात किती अनपेक्षित होता यावर बरेच अवलंबून असते. जेथे दर रविवारी दोन-चार चेंडू रस्त्यावर जातात, तेथे तो अनपेक्षित होता असे कोणत्या तोंडाने सांगणार?

मैदानाच्या आत तर परिस्थिती याहून नाजूक असते. आपल्याकडे खेळाडूंच्या पुढे, चेंडू जेथे पडायचा त्या टप्प्यात, 'आगेवाला' उभा असतो. चेंडू हरवू नये म्हणून त्याला तेथे उभे केलेले असते. त्याच्यापाशी ना शिरस्त्राण, ना आडोसा. गवत कापणारे मजूर असतात, पायवाटेने जाणाऱ्या बाया-मुले असतात. शेजारच्या होलाला आतली हद्द ठरवून तेथे पांढरे खुंट रोवण्याची तरतूद नियमांत आहे, आणि जाणूनबुजून शेजारच्या होलावरून आडवाट काढणाऱ्या खेळाडूला तिने आळा बसतो. पण हातून निसटलेला, उजवीकडे वळलेला चेंडू दंडाची भीती बाळगीत नाही.

यावर खरा उपाय दोनच. पहिला म्हणजे फटका सुरू करण्याची जागा बदलणे किंवा होल आखूड करणे. समित्यांचा याला विरोध असतो. लांबी घटली की मैदानाची पत घटते, असा समज रूढ आहे. वस्तुतः २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत २०२४ साली बदल होऊन, रीतसर मूल्यांकन झालेले नऊ होलांचे मैदान अवघे ७५० यार्डांचे असले तरी तेथील गुणसंख्या ग्राह्य धरली जाते. एखाद्या धोक्याच्या होलाचे साठ-सत्तर यार्ड कमी केल्याने कोणाचा हँडिकॅप बुडत नाही. लांबीचा हट्ट आता केवळ प्रतिष्ठेचा उरला आहे, आणि त्या प्रतिष्ठेची किंमत आगेवाल्याने मोजावी असे कोणत्याही क्लबच्या घटनेत लिहिलेले नसते.

दुसरा उपाय कागदाचा आहे, पण निरुपयोगी नाही. २०१९ पासून समितीला वर्तनसंहिता स्थानिक नियम म्हणून स्वीकारता येते आणि तिच्या भंगासाठी फटक्यांचा दंडही ठेवता येतो. पायवाटेवर माणूस असताना खेळणे, समोरची टोळी टप्प्याबाहेर जाण्यापूर्वी काठी उचलणे, चेंडू भरकटल्यावर ओरडून इशारा न देणे, या गोष्टी आजवर सभ्यतेच्या खात्यात जमा होत्या. सभ्यतेचा भंग झाला की चिटणीस एक नाराजीचे पत्र लिहीत, आणि तो सभासद वजनदार असेल तर तेही लिहीत नसत. दोन फटक्यांचा दंड मात्र गुणपत्रिकेवर उमटतो, आणि ज्याला त्याची झळ बसते तो पुढच्या वेळी थांबतो.

हे नियम कोणत्या भाषेत आणि कोठे लावावेत, हाही भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही. गुणपत्रिका इंग्रजीत असते आणि ती खेळाडूच्या खिशात असते. पायवाट कोणत्या वेळी ओलांडावी, कोणत्या होलावरून चेंडू रस्त्याकडे येतो, आगेवाल्याने कोणत्या झाडाच्या आड उभे राहावे, ही माहिती ज्यांना हवी त्यांच्या हाती ती पत्रिका कधी पडत नाही. पहिल्या होलापाशी, पायवाटेच्या दोन्ही तोंडांशी आणि कॅडींच्या बसण्याच्या जागी मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावण्यास फारसा खर्च येणार नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेच्या ठरावाचीही गरज नाही. समितीच्या येत्या बैठकीत ते काम होण्यासारखे आहे.