नाणेघाटांतील नांवें

गेल्या भाद्रपदांत एका रविवारीं पहाटे आम्ही पुण्याहून मोटारीनें निघालों. चाकण, खेड, मंचर, नारायणगांव अशीं गांवें मागें टाकून जुन्नर गांठलें, आणि शिवनेरीस दुरूनच वंदन करून घाटघरच्या वाटेस लागलों. समागमें बारा वर्षांचा नातू होता. दोहीं बाजूंस भातखाचरें डोलत होतीं. उतारांवर सोनकीचीं पिवळीं फुलें पसरलीं होतीं. जीवधन किल्ल्याजवळ पठार संपतें व खालीं एकाएकीं कोंकण दिसूं लागतें. वारा असा कीं, कड्यावरून पडणारें पाणी तो उलट वर फेंकीत होता!

कल्याण व सोपारा या बंदरांचा माल पूर्वीं याच खिंडींतून देशावर चढे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचीं नाणीं टाकण्याचा होता, असें लोक सांगतात. खिंडीच्या तोंडाशीं लेणें आहे, आणि त्याच्या भिंतींवर सुमारें दोन सहस्र वर्षांपूर्वींचा, सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपींत कोरलेला आहे. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांस नमन. पुढें अश्वमेधादि यज्ञ, व त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या संख्या. मागील भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ति होत्या. आज कोठें पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वरचीं कांहीं नांवें मात्र वाचतां येतात.

“आजोबा, आणि हीं नांवें कोणाचीं?” नातवानें दाराशेजारच्या कातळाकडे बोट दाखविलें. तीं देवनागरी होतीं, हौशी प्रवाशांनीं खरडलेलीं.

आम्ही क्षणभर गप्प राहिलों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं शाळेची सहल घेऊन आम्हीच येथें आलों होतों. एका विद्यार्थ्यानें टोंकदार दगडानें याच कातळावर आपलें नांव कोरलें. आम्हीं तें पाहिलें, आणि “अक्षर झकास आहे हो!” असें म्हणून हंसलों. मग आणखी चौघांनीं दगड उचलले.

तें नांव आम्हीं शोधलें. सांपडलें. अक्षर अद्याप वळणदार आहे.

नातवास सर्व हकीकत सांगितली. “मग तुम्ही त्याला रागावलां कां नाहीं?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सातवाहनांची वंशावळ आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें पाठ करून घेतली. जेथें ती कोरलेली आहे तेथें मुलाचा हात धरण्याचें मात्र सुचलें नाहीं.

वाचकांनीं मुलांबाळांसह नाणेघाट अवश्य पाहावा. पावसाळ्यांत वाट निसरडी असते, तेव्हां मुलांचा हात धरावाच. लेण्यांत शिरल्यावरही तो सोडूं नये.